आमची वाटचाल: नॉझलच्या टेस्ट बेंचपासून ट्रकचं इंजिन निवडण्यापर्यंत

आमच्या कामाची सुरुवात डिझेल पंप आणि नॉझलपासून झाली. इनलाइन पंप खोलायचा, प्लंजर-बॅरल आणि डिलिव्हरी व्हॉल्व्ह तपासायचे, पंप बेंचवर चढवून रॅक (डिझेलचं माप कमी-जास्त करणारी दांडी) एका जागी धरायचा आणि सहाही लाइनमधून सारखंच डिझेल पडतंय का ते मोजनळ्यांत बघायचं. नॉझल हातपंपावर लावायचा आणि साधारण २०० ते २५० बारला तो धुक्यासारखा फवारा देतो की थेंब गाळतो, ते पाहायचं. पुढे पूर्ण इंजिनं बांधायला घेतली. आता ट्रक घेण्याआधीच लोक विचारतात, कोणतं इंजिन घेऊ? सवय मात्र बेंचचीच राहिली आहे. आधी आकडा काढतो, मत त्यानंतर देतो.

हॉर्सपॉवरचा आकडा आम्ही शेवटी बघतो. पहिले तीन प्रश्न असे: भरलेल्या ट्रकचं एकूण वजन किती, वाटेतला सगळ्यात मोठा चढ किती टक्क्यांचा, आणि तो कोणत्या वेगाने चढायचा आहे.

४० टनांचा ट्रक सपाट रस्त्यावर ताशी ८० किलोमीटरने चाललाय असं धरा. टायरचा रोलिंग गुणांक, म्हणजे टायर फिरते ठेवायला वजनाच्या किती पट ओढ लागते, तो ०.००६ घेतला तर टायर सुमारे २,३५० न्यूटनची ओढ मागतात. समोरचं क्षेत्रफळ १० चौरस मीटर आणि हवेचा गुणांक ०.६ धरला तर हवेला सुमारे १,८०० न्यूटन लागतात. दोन्ही मिळून चाकांवर ९२ किलोवॉट होतात. गिअरबॉक्स आणि डिफरन्शियलमधली गळती धरून इंजिनाला १०० किलोवॉटच्या आसपास द्यावे लागतात, म्हणजे जेमतेम १३५ हॉर्सपॉवर. आता तोच ट्रक ५ टक्क्यांच्या चढावर ताशी ४० ने न्यायचाय. नुसतं गुरुत्वाकर्षणच १९,६०० न्यूटन मागे खेचतं, आणि इंजिनाची गरज २७५ किलोवॉटवर, म्हणजे सुमारे ३७५ हॉर्सपॉवरवर जाते. चढावर ताशी ३० चालणार असेल तर २८० हॉर्सपॉवरमध्ये भागतं. चढावरचे दहा किलोमीटर जास्तीचा वेग हवा म्हणून जवळपास शंभर हॉर्सपॉवर विकत घ्यायचे का, हा निर्णय मालकाचा. दिवसात असा चढ वीस मिनिटं येतो की चार तास, यावर तो ठरतो.

त्यानंतर टॉर्क, म्हणजे इंजिन शाफ्टला देतं तो पीळ. सूत्र सोपं आहे: न्यूटन मीटरमधला टॉर्क गुणिले आरपीएम (मिनिटाचे फेरे), भागिले ९,५५० म्हणजे किलोवॉट. तेच २७५ किलोवॉट एक इंजिन १,५०० आरपीएमला १,७५० न्यूटन मीटरने देतं, दुसरं १,१०० आरपीएमला २,४०० न्यूटन मीटरने. दुसऱ्यात घर्षण कमी, म्हणून डिझेल कमी लागतं. पण त्या इंजिनासाठी डिफरन्शियलचा रेशो (चाकाच्या एका फेऱ्याला शाफ्टचे किती फेरे) वेगवान, म्हणजे आकड्याने लहान ठेवावा लागतो, गिअरबॉक्सकडून डिफरन्शियलकडे जाणारा प्रोपेलर शाफ्ट हळू फिरतो आणि तेवढीच ताकद नेताना त्याच्यावर जास्त पीळ येतो. हलक्या प्रोपेलर शाफ्टवर असं इंजिन बसवलं की क्रॉस-जॉइंटच्या सुया आधी जातात, मग योक, मग डिफरन्शियलचा पिनियन. दोष इंजिनावर येतो, मूळ मात्र जुळणीत असतं.

म्हणून रेशोचं गणित इंजिनासोबतच करावं. ११आर२२.५ मापाचा टायर एका फेऱ्यात सुमारे ३.२ मीटर जातो. ताशी ८० ला तो मिनिटाला ४१७ फेरे घेतो. डिफरन्शियल ३.४२ असेल तर डायरेक्ट गिअरला (इंजिन आणि शाफ्ट सारखेच फिरतात) इंजिन १,४२५ वर फिरतं, ०.७८ च्या ओव्हरड्राइव्हला (इंजिन शाफ्टपेक्षा हळू फिरतं) १,११० वर. ४.११ चा रेशो असेल तर हेच आकडे १,७१२ आणि १,३३६ होतात. जे इंजिन १,००० आरपीएमपासून पूर्ण टॉर्क देतं त्याला १,११० सोयीचा आहे. ज्याचा टॉर्क १,३०० च्या वर उभा राहतो, त्याला तोच रेशो दिला तर प्रत्येक छोट्या चढाला गिअर उतरवावा लागतो आणि ओव्हरड्राइव्हचा फायदा कागदावरच राहतो. माहितीपत्रकात सर्वोच्च टॉर्क ठळक छापलेला असतो. तो कोणत्या आरपीएमपासून कोणत्या आरपीएमपर्यंत सपाट टिकतो, ती आलेखावरची रेघ मागून घ्या.

आता लिटर, म्हणजे सगळ्या सिलिंडरांचं मिळून आकारमान. जड ट्रकच्या इंजिनांचे ढोबळ गट पडतात. सात लिटरच्या खाली कमिन्सचं ६.७ लिटरचं, १०७ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि १२४ मिलिमीटर स्ट्रोकचं (पिस्टनची चाल). अकरा लिटरच्या घरात पॅकार एमएक्स-११, म्हणजे १०.८ लिटर. तेराच्या घरात व्होल्वो डी१३, डेट्रॉइट डीडी१३ आणि पॅकार एमएक्स-१३. पंधराच्या घरात डेट्रॉइट डीडी१५ आणि कमिन्स एक्स१५, त्यातल्या एक्स१५ चा बोअर १३७ आणि स्ट्रोक १६९ मिलिमीटर. २,००० न्यूटन मीटर १०.८ लिटरमधून काढायचे तर सिलिंडरमधला सरासरी प्रभावी दाब २३ बारच्या वर जातो; १४.९ लिटरमधून तेच काम १७ बारला होतं. म्हणून सतत पूर्ण भाराने चढ चढणाऱ्या गाडीला आम्ही मोठं इंजिन सुचवतो. पिस्टनचा माथा, हेड गॅस्केट, टर्बो, सगळ्यांना कमी ताण पडतो. पण टँकर किंवा सिमेंटसारखा वजनावर भाडं ठरणारा माल असेल आणि रस्ता सपाट असेल, तर लहान इंजिनामुळे वाचलेलं काही शे किलो वजन प्रत्येक फेरीत माल म्हणून भरता येतं. तिथे अकरा लिटरचं इंजिनच योग्य.

ब्लॉकची बांधणीही विचारा. मोठ्या इंजिनांत बहुधा वेट लायनर असतो, म्हणजे पिस्टन ज्यात चालतो ती नळी (लायनर) वेगळी बसवलेली असते आणि तिच्या बाहेरून थेट कुलंट फिरतं. झीज झाली की इंजिन चेसिसवरच ठेवून लायनर, पिस्टन, रिंगा, बेअरिंग शेल आणि हेड गॅस्केट बदलता येतं. कमिन्सच्या ६.७ सारख्या इंजिनात बोअर ब्लॉकमध्येच असतो. झिजला तर ब्लॉक उतरवून बोअरिंग करून मोठ्या मापाचे पिस्टन घालावे लागतात. हलक्या कामाला यात काही वाईट नाही. फक्त दुसऱ्या आयुष्याचा हिशेब वेगळा मांडावा लागतो.

वेट लायनरचं दुखणंही सांगतो, कारण ते टाळता येतं. लायनर दणक्याने थरथरतो, कुलंटमध्ये बारीक बुडबुडे होऊन फुटतात आणि बाहेरच्या बाजूला सुईने टोचल्यासारखी भोकं पडतात. ती आरपार गेली की कुलंट ऑइलमध्ये उतरतं. नुसतं पाणी घातलं किंवा कुलंटमधलं संरक्षक द्रव्य संपलं की हे होतं. टेस्ट स्ट्रिपने ते दोन मिनिटांत कळतं. लायनर बसवताना त्याची कड ब्लॉकच्या पातळीवर किती उभी राहते ते डायल गेजने चार बाजूंनी मोजतो. चारही मापं आणि शेजारच्या लायनरची मापं मॅन्युअलच्या मर्यादेत नसतील तर बैठक मशिन करून शिम (पातळ कडी) घालतो. हे न करता नवं गॅस्केट टाकलं तर ते पुन्हा फुटणारच.

आमच्या कामाचं स्वरूप सगळ्यात जास्त बदललं ते धुराच्या नियमांनी. १९९२ च्या युरो १ मध्ये जड इंजिनाला किलोवॉट तासाला ८ ग्रॅम नायट्रोजन ऑक्साइड चालत होते. युरो ६ मध्ये स्थिर चाचणीला ०.४ ग्रॅम, म्हणजे विसावा भाग. १९९५ मध्ये डेन्सोची कॉमन रेल, म्हणजे सगळ्या इंजेक्टरांना एकाच उच्च दाबाच्या नळीतून डिझेल देणारी रचना, हिनोच्या ट्रकवर आली आणि पुढे सगळीकडे पसरली. आज रेलमध्ये २,००० बारच्या वर दाब असतो. इनलाइन पंप जरा घाण पचवत असे, कॉमन रेल पचवत नाही. म्हणून प्रायमरी फिल्टरमधलं पाणी रोज काढा, आणि नवा सेकंडरी फिल्टर बाहेरून डिझेल ओतून भरू नका. वरून ओतलेलं डिझेल न गाळता थेट स्वच्छ बाजूला जातं आणि इंजेक्टरची बैठक खरवडतं. हातपंपाने प्राइम करा, पाच मिनिटं जास्त लागली तरी चालतील. स्टार्टिंग लांबलं की आम्ही प्रत्येक इंजेक्टरची रिटर्न गळती वेगवेगळ्या नळीत मोजतो; ज्याची बाकीच्यांपेक्षा स्पष्ट जास्त, तो काढतो. सहाही इंजेक्टर सरसकट बदलणं आम्हाला पटत नाही.

यानंतर ईजीआर (थोडा धूर परत इंजिनात फिरवणं), डीपीएफ (काजळी अडवणारा फिल्टर) आणि एससीआर (युरिया फवारून नायट्रोजन ऑक्साइड कमी करणं) आले. अमेरिकेत २००७ च्या नियमांनी डीपीएफ आणला, २०१० च्या नियमांनी एससीआर जवळपास सर्वत्र नेलं. तेव्हापासून इंजिन निवडताना सायलेन्सरचा डबाही इंजिनाचाच भाग मानावा लागतो. डीपीएफमधली काजळी चालता चालता जळायला एक्झॉस्ट २५० ते ४०० अंश हवा. मुद्दाम डिझेल टाकून जाळायची तर ६०० अंशांच्या आसपास. एससीआरमध्ये युरियाचं ३२.५ टक्के द्रावण फवारलं जातं आणि एक्झॉस्ट २०० अंशांच्या खाली असला की फवारणी थांबते, किंवा पाइपात पांढरे खडे साचतात. कचरागाडी, बाजारातली वाटप गाडी, तासन्‌तास उभी राहून पंप चालवणारी गाडी यांचं एक्झॉस्ट गरमच होत नाही. अशा कामाला गरजेपेक्षा मोठं इंजिन घेणं ही आम्ही पाहिलेली सर्रास चूक आहे. मोठं इंजिन निम्म्याहून कमी भारावर थंड राहतं आणि डीपीएफ वारंवार भरतो. तिथे लहान इंजिन जास्त भारावर चालवलेलं बरं.

डीपीएफ वारंवार भरत असेल तर तो धुऊन आणण्याआधी मागे जा. गळका इंजेक्टर, टर्बोच्या सीलमधून येणारं ऑइल, इंटरकूलरचा फाटलेला होज, चिकटलेला ईजीआर व्हॉल्व्ह, यातलं एक काहीतरी सापडतं. इंटरकूलरच्या लाइनला दाब देऊन साबणाचं पाणी लावा, गळती डोळ्यांना दिसते. ऑइलही कमी राखेचं हवं, सल्फेटेड अ‍ॅश एक टक्क्याच्या आत. काजळी जळते, पण ऑइलची राख जळत नाही, ती डब्यातच राहते. कुलंट कमी होतंय पण कुठे ठिबकत नाही, असं असेल तर ईजीआर कूलरला दाब देऊन तपासा. फुटलेल्या कूलरचं कुलंट एक्झॉस्टमधून निघून जातं आणि डीपीएफलाही खराब करतं.

टर्बोबद्दल थोडक्यात: हलत्या पात्यांचा टर्बो खालच्या आरपीएमला चांगली ओढ आणि जोरदार एक्झॉस्ट ब्रेक देतो, पण सतत मंद चालणाऱ्या गाडीत पाती काजळीने अडकतात. साधा वेस्टगेट टर्बो कमी नखरे करतो.

डिझेलच्या दाव्यांना आम्ही वरचंच गणित लावतो. चांगलं इंजिन किलोवॉट तासाला १९५ ग्रॅमच्या आसपास डिझेल घेतं. १०० किलोवॉटला तासाला १९.५ किलो, म्हणजे साडेतेवीस लिटर. ताशी ८० ने लिटरला ३.४ किलोमीटर. कोणी ४० टनांना लिटरमागे पाच किलोमीटर सांगत असेल तर कोणत्या वेगाने, किती वजनाने आणि येतानाची रिकामी फेरी धरून की नाही, ते विचारा. वेग ८० वरून ९० केला की हवेची ओढ सव्वापटीहून जास्त होते, आणि तो फरक दोन कंपन्यांच्या इंजिनांतल्या फरकापेक्षा मोठा असतो. उभं राहून चालू ठेवलेलं मोठं इंजिन तासाला तीन लिटरच्या आसपास पितं, ते वेगळं.

जुनं इंजिन घ्यायचं असेल तर क्रँककेसचा दाब, म्हणजे ब्लो-बाय (पिस्टनच्या बाजूने खाली निसटणारा वायू), भाराखाली मोजून घ्या. ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्या: सिलिकॉन आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र वाढलेले असतील तर एअर फिल्टरच्या बाजूने धूळ गेली आहे, सोडियम-पोटॅशियम दिसले तर कुलंट, आणि ऑइलमध्ये डिझेल मिसळलं असेल तर इंजेक्टर. आणि ईसीएम, म्हणजे इंजिनाचा संगणक, वाचा. नुसते किलोमीटर फसवतात. सहा लाख किलोमीटरला दहा हजार तास असतील तर गाडी सरासरी ताशी ६० ने मोकळ्या रस्त्यावर चालली आहे. तेवढ्याच किलोमीटरला वीस हजार तास असतील तर तिने दुप्पट वेळ गर्दीत आणि उभ्याने काढला आहे. एकूण लिटर भागिले एकूण तास काढलं की सरासरी भार कळतो, शेजारीच आयडलचे तास असतात. हे चार आकडे समोर आल्याशिवाय आम्ही जुन्या इंजिनाबद्दल हो म्हणत नाही.