शेक, हात आणि माझी आखडलेली मान

तीन महिने माझी मान डावीकडे वळत नव्हती. मागून कुणी हाक मारली की मी अख्खीच्या अख्खी वळायचे. उश्या बदलून झाल्या, तरी सकाळी तोच ठणका, मानेपासून थेट खांद्याच्या फऱ्यापर्यंत. त्याहून त्रास व्हायचा तो चिडचिडीचा. घरच्यांवर विनाकारण आवाज चढायचा आणि मग रात्रभर तेच मनात घोळत राहायचं.

जितकं दुखेल तितका गुण येईल, अशी माझी समजूत. म्हणून एकांकडून जोरदार मालिश करून घेतली. त्यांनी कोपर रोवून दाबलं, मी दातओठ खात सोसलं. दुसऱ्या दिवशी मान जागची हलेना. तेव्हा कुठे फिजिओथेरपिस्टकडे गेले.

बाईंनी आधी विचारपूस केली. हाताला मुंग्या येतात का, वस्तू हातातून निसटतात का, ताप येतो का, वजन उतरलंय का, कुठे पडला होतात का? सगळ्याला 'नाही' ऐकल्यावरच तपासायला घेतलं. यातलं काहीच न विचारता कुणी मानेला हात घालत असेल, तर तिथून उठून यावं, असं मला आता ठामपणे वाटतं.

पाठ बघून त्या थबकल्या. "रोज शेकता का?" रोज रात्री गरम पाण्याची पिशवी पाठीशी घेऊनच मी झोपत होते. पाठीवर जाळीसारखे तपकिरी डाग उठले होते, मला पत्ताच नव्हता. सोसवेल इतकी ऊबसुद्धा तासन्‌तास एकाच जागी राहिली तर त्वचेला इजा करते. मधे जाड कापड, पंधरा-वीस मिनिटं, आणि शेकताना झोपायचं नाही, असं त्यांनी बजावलं. ताज्या, सुजलेल्या दुखापतीवर शेक नको. मधुमेहामुळे किंवा कशानेही त्वचा बधिर असेल, तर चटका कळतच नाही, तिथेही नको.

मग टॉवेलच्या घड्यांत गुंडाळलेला गरम पॅक मानेवर आला. पाच मिनिटं काहीच जाणवलं नाही. नंतर ऊब आत उतरायला लागली आणि कानापाशी चढून बसलेले खांदे आपोआप खाली आले. उबेने रक्तवाहिन्या रुंदावतात, रक्तपुरवठा वाढतो, स्नायू सैलावतात. त्यावर मग हात फिरले, दमादमाने. गाठीवर अंगठा टेकवून त्या थांबायच्या. "अहो, श्वास सोडा." मी सोडला की अंगठ्याखालचं काहीतरी विरघळायचं.

"व्यायामाने स्नायूंत साठणारं लॅक्टिक ॲसिड निघून जातंय का?" मी विचारलं. त्या म्हणाल्या, ते व्यायामानंतर तासाभरात आपसूकच कमी होतं, त्याला मालिश लागत नाही. लागलं की आपण ती जागा चोळतो ना, तसंच हे. स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतच वेदनेच्या संदेशांना अडवतात, हा विचार मेल्झॅक आणि वॉल या संशोधकांनी १९६५ मध्ये मांडला होता. शिवाय त्वचेत असे तंतू आहेत की ते हळुवार स्पर्शालाच जास्त दाद देतात, सेकंदाला साधारण १ ते १० सेंटीमीटर वेगाच्या.

तिसऱ्या खेपेला मला एकदम रडू आलं. दुखत नव्हतं. कुणीतरी घाई न करता पाठीवर हात ठेवलाय, एवढंच होतं. बाई काही बोलल्या नाहीत, त्यांनी हात तसाच राहू दिला. त्या रात्री मी सलग सात तास झोपले, कित्येक आठवड्यांनी.

हा आराम काही तासांचाच असतो, हेही त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. अंग मोकळं आहे तोवर व्यायाम करून घ्यायचे. हनुवटी मागे ओढणं, फरे एकमेकांकडे आणणं. कंटाळवाणे आहेत, पण मान वळायला लागली ती त्यांनीच.

शेवटचं थोडंसं वळण अजून अडतं. कामाचा ताण वाढला की खांदे परत वर चढतात. मग वीस मिनिटांचा गजर लावून शेकते, आणि गजर झाला की उठून भिंतीला पाठ लावून उभी राहते.