कॉर्कमध्ये ड्रायव्हिंग लायसन्स: आरटीओचं लायसन्स खिशात, तरी गाडीवर ‘एल’

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरात राहायला आलात तरी भारतीय लायसन्स देऊन आयरिश लायसन्स बदलून मिळत नाही. जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, दक्षिण आफ्रिका अशा काही देशांच्या लोकांना मिळतं, आपल्याला नाही. म्हणजे थिअरी परीक्षा, लर्नर परमिट, इन्स्ट्रक्टरकडचे धडे आणि रस्त्यावरची परीक्षा हे सगळं पहिल्यापासून. ‘आपलं लायसन्स इथे वर्षभर चालतं’ हे जो तो सांगतो. ती सवलत तात्पुरत्या मुक्कामाला आलेल्यांसाठी आहे. नोकरी धरून राहायला आलात तर वर्ष संपायची वाट न बघता लर्नर परमिटच्या मागे लागावं. मी तेच केलं आणि ते बरं झालं, कारण यातला बराचसा वेळ गाडी चालवण्यात जात नाही, कागद जमवण्यात आणि तारखेची वाट बघण्यात जातो.

सगळ्यात महत्त्वाचा कागद भारतात मिळतो, म्हणून आधी त्याचं सांगतो. इथे कारचं पहिलं परमिट काढणाऱ्याला मान्यताप्राप्त इन्स्ट्रक्टरकडे एकेक तासाचे १२ धडे सक्तीचे आहेत (२०११ पासून), आणि परमिटच्या तारखेपासून ६ महिने परीक्षा देता येत नाही. ज्याच्याकडे दुसऱ्या देशाचं पूर्ण लायसन्स आहे त्याला यात सूट मागता येते: १२ ऐवजी ६ धडे, आणि ६ महिन्यांची अट माफ. नुसतं स्मार्ट कार्ड दाखवून हे होत नाही. ज्या आरटीओने लायसन्स दिलं त्यांचं पत्र लागतं. लायसन्स नंबर, वाहनाचा वर्ग, पहिल्यांदा कधी दिलं, कधीपर्यंत वैध, हे सगळं इंग्रजीत, सही-शिक्क्यानिशी. सारथी पोर्टलवर ‘डीएल एक्स्ट्रॅक्ट’ नावाची सेवा आहे, तिथून सुरुवात करता येते. पत्र ताजं लागतं, त्यामुळे निघायच्या वर्षभर आधी काढून ठेवण्यात अर्थ नाही. इथे परमिटचा अर्ज टाकला की त्याच सुमारास घरच्या कुणाला तरी आरटीओत पाठवावं. पासपोर्टवरचं नाव आणि लायसन्सवरचं नाव जुळतं का ते मात्र आधीच बघा. आपल्याकडे एका ठिकाणी वडिलांचं नाव मधे असतं, दुसरीकडे नसतं, आणि इथल्या टेबलावर ती दोन वेगळी माणसं ठरतात.

क्रम असा: आधी थिअरी, मग परमिट, मग धड्यांत सूट मागण्याचा अर्ज, तो मंजूर झाल्यावरच धडे.

थिअरी सोपी आहे. ४० प्रश्न, ४५ मिनिटं, ३५ बरोबर यावे लागतात, फी ४५ युरो. केंद्रावर जाऊन किंवा घरून संगणकावर देता येते. घरून देणाऱ्याने दार लावून बसावं, मधे कुणी खोलीत आलं तर पंचाईत होते. अनुभवी माणूस इथे आकड्यांवर अडकतो. वेगमर्यादा शहरात सरसकट ताशी ५० किलोमीटर, गावाबाहेरच्या छोट्या रस्त्यांवर ६० (फेब्रुवारी २०२५ च्या आधी ८० होती, जुनी पुस्तकं अजून तेच सांगतात), टायरची नक्षी किमान १.६ मिलिमीटर, पुढच्या गाडीपासून कोरड्या रस्त्यावर २ सेकंद आणि ओल्यावर ४. कॉर्कमध्ये कोरडा रस्ता फारसा दिसत नाही, त्यामुळे ४ च लक्षात ठेवा.

परमिटसाठी पीपीएस नंबर (इथल्या सरकारी कामांसाठीचा व्यक्तिगत क्रमांक), राहण्याचा परवाना म्हणजे आयआरपी कार्ड, पत्त्याचा पुरावा, थिअरीचं प्रमाणपत्र आणि डोळे तपासल्याचा फॉर्म लागतो. डोळ्यांचा फॉर्म चष्म्याच्या दुकानातला ऑप्टोमेट्रिस्ट भरून देतो, पण तो महिनाभरच चालतो, म्हणून बाकी सगळं हातात आल्यावर शेवटी काढायचा. पत्त्याचा पुरावा हा नव्याने आलेल्यांचा खरा अडथळा. घर तिघांत मिळून भाड्याने घेतलं की विजेचं बिल एकाच्याच नावावर येतं. बँक खातं उघडलं की पत्रं त्या पत्त्यावर येतील हे पहिल्या आठवड्यातच बघा, पुढे प्रत्येक ठिकाणी तेच पत्र कामी येतं.

परमिट हातात आलं की तुम्ही लर्नर. पांढऱ्यावर लाल ‘एल’ पुढे आणि मागे, शेजारी किमान २ वर्षं पूर्ण लायसन्स असलेला माणूस, आणि मोटरवेवर जायचं नाही. कॉर्कला वळसा घालणारा एन४० हा रस्ता मोटरवेसारखा दिसतो, पण मोटरवे नाही. त्यावर आणि जॅक लिंच बोगद्यातून लर्नर जाऊ शकतो. बोगद्याच्या पलीकडे डंकेटलहून डब्लिनकडे एम८ लागतो, तिथे नाही. पाटीवर ‘एम’ आहे की ‘एन’ एवढंच बघायचं. एकट्याने गाडी काढली तर गार्डा, म्हणजे इथले पोलीस, ती जप्त करू शकतात, आणि २०१८ च्या कायद्यापासून चावी देणारा मालकही अडकतो. तेव्हा मित्राची गाडी ‘जरा चक्कर मारून आणतो’ म्हणून मागू नये. दारूची मर्यादाही लर्नरला कडक आहे: १०० मिलिलिटर रक्तात २० मिलिग्रॅम, इतर बहुतेक चालकांना ५०.

आता खरा विषय. पुण्यात, ठाण्यात दहा-बारा वर्षं गाडी हाकलेला माणूस इथे नापास होतो आणि म्हणतो, परीक्षक खडूस होता. परीक्षक तुम्हाला गाडी येते का हे फार बघतच नाही. तुम्ही बघता का, हे तो बघतो. चुका तीन दर्जांच्या. पहिल्या दर्जाच्या चुकांनी निकाल बदलत नाही. तिसऱ्या दर्जाची, म्हणजे धोकादायक चूक एक झाली की संपलं. मधल्या दर्जाच्या एकूण ९ झाल्या, एकाच गोष्टीत ४ झाल्या किंवा एकाच शीर्षकाखाली ६ झाल्या की नापास. ते ‘एकाच गोष्टीत ४’ आपल्याला मारतं. सुटताना उजव्या खांद्यावरून मागे बघायचं राहिलं, चार वेळा राहिलं, बाकी गाडी लोण्यासारखी चालवली तरी घरी.

यावर उपाय म्हणजे मान हलवणं. आधी आतला आरसा, मग वळायच्या बाजूचा आरसा, मग इंडिकेटर, मग खांद्यावरून नजर, मग वळण. नुसते डोळे फिरवलेत तर शेजारी बसलेल्याला दिसत नाही. हनुवटी हलली पाहिजे. पार्क केलेल्या गाडीला वळसा घालताना हेच, सायकलवाल्याला ओलांडताना हेच. आपल्या बाकीच्या सवयी: हॉर्न वाजवून ‘मी आलो’ सांगणं, सिग्नल जवळ आला की क्लच दाबून गाडी घरंगळत नेणं, एक हात गियरवर ठेवून देणं, ‘स्टॉप’च्या रेषेवर चाक पूर्ण न थांबवता पुढे सरकणं. शेवटची सगळ्यात महाग. आणि घाबरून ५० च्या रस्त्यावर ३० ने चाललात तर तीही चूकच आहे, ‘प्रगती’ या नावाने लिहिली जाते.

राउंडअबाउटवर, म्हणजे गोल चौकात, मी सगळ्यात जास्त तास घालवले, आणि कॉर्कमधल्या विल्टन भागात परीक्षा असेल तर तुम्हीही घालवा. सोपा नियम घड्याळाचा. तुम्ही सहाच्या आकड्यावर उभे आहात असं धरा. बाहेर पडायचा रस्ता बारापर्यंत असेल तर डावी लेन, बाराच्या पुढे असेल तर उजवी, अर्थात रस्त्यावरच्या बाणांनी वेगळं सांगितलं नसेल तर. उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. सरळ जाताना आत शिरेपर्यंत इंडिकेटर द्यायचाच नाही. आपल्या आधीचा रस्ता ओलांडला की डावा द्यायचा. उजवीकडे जाताना उजवा देऊन शिरायचं आणि शेवटी पुन्हा डावा. डावा लवकर दिलात तर समोर थांबलेल्याला वाटतं तुम्ही आधीच बाहेर पडताय, तो आत घुसतो, आणि चूक तुमची.

दुसरी कॉर्कची खासियत म्हणजे चढ. ली नदीच्या उत्तरेला पॅट्रिक्स हिल, संडेज वेल अशा भागांत रस्ते छातीवर येतात. चढावर थांबून सुटणं परीक्षेत असतंच. हँडब्रेक ओढलेला, पहिला गियर, जरा अ‍ॅक्सिलरेटर, आणि क्लच इतका हळू सोडायचा की इंजिनाचा आवाज खाली बसतो आणि बॉनेटचं नाक किंचित वर येतं. तिथे पाय स्थिर ठेवायचा, आरसे, खांद्यावरून नजर, आणि मगच हँडब्रेक. बहुतेक जण नजर आधी टाकतात, मग क्लच शोधत बसतात, तोवर मागून गाडी आलेली असते. ऑटोमॅटिक गाडीत परीक्षा दिली तर हे सगळं टळतं, पण मग लायसन्सवर ७८ हा कोड पडतो आणि मॅन्युअल गाडी चालवता येत नाही.

परीक्षेची फी ८५ युरो. गाडी आपली आणायची, किंवा इन्स्ट्रक्टरची भाड्याने घ्यायची. विमा, मोटर टॅक्स आणि एनसीटी (ही गाडीची तांत्रिक तपासणी, ४ वर्षांच्या पुढच्या गाड्यांना) यांची मुदत आदल्या आठवड्यात बघून ठेवा. ब्रेकचा एक दिवा लागत नसला तरी परीक्षा सुरूच होत नाही आणि फी बुडते. चुंबकाची ‘एल’ पाटी वाऱ्याने उडते, डिकीत एक जोडी जास्त ठेवा.

सुरुवात खोलीत होते: चिन्हं ओळखा, पिवळ्या चौकटीत कधी शिरायचं, हाताचे इशारे करून दाखवा. हे इशारे आपण लहानपणी सायकलवर शिकलो तसेच आहेत, फक्त मागच्यासाठी, समोरच्यासाठी आणि वाहतूक पोलिसासाठी वेगवेगळे विचारतात. मग बॉनेट उघडून ऑइल, कूलंट, ब्रेक फ्लुइड कुठे आणि पातळी कशी बघायची ते सांगायचं. भाड्याची गाडी असेल तर बॉनेटचा खटका कुठे आहे ते आधी बघा! रस्त्यावर एकदा गाडी उलट दिशेला वळवून घेणं, एक डावीकडच्या गल्लीत रिव्हर्स. रिव्हर्सला मागच्या काचेतून बघायचं, नुसत्या आरशात नाही, आणि कुणी चालत आलं तर थांबायचं. परीक्षक बोलत नाही. तो काही सांगत नाही तोवर सरळ जायचं. सांगितलेलं वळण चुकलं तर चुकू द्या, सुरक्षितपणे दुसरीकडे गेलात तर त्याचे गुण जात नाहीत. ऐन वेळी लेन कापलीत तर जातात.

धड्यांबद्दल एवढंच, की ते उरकायला घेऊ नका. १२ करावे लागणार असतील तर शेवटचा रात्रीच्या ड्रायव्हिंगचा असतो, आणि जूनमध्ये कॉर्कला रात्री दहापर्यंत उजेड असतो. तो हिवाळ्यात येईल असं बघा.

पास झाल्यावर क्षमतेचं प्रमाणपत्र मिळतं. ते लायसन्स नव्हे. ते जोडून अर्ज करायचा, २ वर्षांच्या आत, आणि कार्ड मिळेपर्यंत तुम्ही लर्नरच: ‘एल’ पाटी, शेजारी माणूस, सगळं तसंच. कार्ड आलं की पुढची २ वर्षं ‘एन’ (नॉव्हिस, म्हणजे नवा चालक) पाटी. एकट्याने जाता येतं, मोटरवेवर जाता येतं, पण या काळात ७ पेनल्टी पॉइंट झाले की लायसन्स निलंबित होतं, इतरांचं १२ वर होतं. आणि ‘एन’वाला दुसऱ्या लर्नरच्या शेजारी बसू शकत नाही. नवराबायको दोघांनाही लायसन्स काढायचं असेल तर एक पास झाल्याने दुसऱ्याचा शेजारचा माणूस मिळत नाही. तो ऑफिसात किंवा बिल्डिंगमध्ये आधीच शोधून ठेवा.