बोटीवरचे तीन प्लग मेले आणि माझा अख्खा रविवार गेला

जुलैचा शेवटचा रविवार, एक तारखेला मासेमारी बंदी उठणार म्हणून वर्सोव्याच्या किनाऱ्यावर नुसती धावपळ, कोण रंग मारतंय कोण जाळी शिवतंय, आणि मी घरी निवांत चहा पीत बसलेलो तेवढ्यात काकांचा फोन. "केबिनच्या मागचे सगले प्लग बंद हायत, ये जरा." मी आयटीआयला वायरमन केलाय वीस वर्षांपूर्वी, आता ऑफिसात बसतो, पण घरच्यांच्या लेखी मी अजून वायरमनच. पंखा फिरत नाही, मला फोन. गीझर गार, मला फोन. आता बोट.

बोट वर ओढलेली होती, ताडपत्रीखाली. दोन महिने पाऊस आणि खारा वारा. वायरिंग साधंच आहे, बारा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये म्हणजे चोवीस, त्यावर इन्व्हर्टर, तिथून २३० व्होल्टची लाइन निघते आणि एका प्लगवरून पुढच्या प्लगला लूप करत करत मागे जाते. एकूण पाच पॉइंट. पहिला सुकाणूपाशी, दुसरा झोपायच्या फळीवर, तिसरा चुलीकडे, चौथा इंजिनच्या झाकणापाशी, पाचवा पार मागे. पहिले दोन चालू, पुढचे तीन मेलेले. मोबाईल चार्जिंगला खलाशांची भांडणं होतात एवढ्यावरून, हसू नका, दहा-बारा माणसं आणि दोन प्लग.

मी काय केलं, तर खिशातला टेस्टर काढला आणि तिसऱ्या प्लगमध्ये घातला. पेटला. दुसऱ्या भोकात घातला, तिकडेपण पेटला, जरा मंद. आता घरात असं झालं की कुणीही वायरमन सांगेल न्यूट्रल, म्हणजे करंट परत जायची वायर, तुटलाय. पण चालू असलेल्या पहिल्या प्लगमध्येही दोन्ही भोकांत तसाच मंद पेटत होता! तिथे माझं डोकं फिरलं. नंतर लक्षात आलं की घरच्या लाइनचा न्यूट्रल अर्थ केलेला, म्हणजे जमिनीशी जोडलेला असतो म्हणून टेस्टर फेज (जिवंत वायर) एकीकडेच दाखवतो, या छोट्या इन्व्हर्टरचं आउटपुट कशालाच अर्थ केलेलं नव्हतं, अधांतरी, त्यामुळे दोन्ही वायर अर्ध्या अर्ध्या जिवंत. म्हणजे तिथे टेस्टरवर भरवसा ठेवणं म्हणजे पत्त्याच्या क्लबात उधारी देणं. काका मागून म्हणाले, "यो टेस्टर खोटा बोलतंय." मला राग आला पण बरोबर होतं.

मग मल्टीमीटर. लॅमिंग्टन रोडवरून घेतलेला जुना डिजिटल. बंद प्लगमध्ये दोन प्रोब घातले तर ७०-८० व्होल्ट, हलतं रीडिंग. अर्धं मेलेलं, अर्धं जिवंत. हे भुताचं व्होल्टेज आहे, मीटर जवळजवळ करंटच ओढत नाही त्यामुळे शेजारून जाणाऱ्या वायरीतून जे काही थोडंफार पाझरतं तेवढंही दाखवतो. त्यात इन्व्हर्टर मॉडिफाइड साइनचा, म्हणजे मधे मधे थांबणाऱ्या चौकोनी लहरीचा, साध्या मीटरला ती नीट वाचता येत नाही, चालू प्लगवरपण मला २३० पेक्षा बरंच कमी दाखवत होता.

यावर एकच इलाज, तो म्हणजे बल्बचा होल्डर आणि त्याला दोन वायरी. साठ वॅटचा जुना पिवळा बल्ब, कारण एलईडी बल्ब पाझरलेल्या करंटवरही मिणमिणतो. पिवळ्या बल्बाला खरा करंट लागतो. पहिला प्लग, झक्क. दुसरा, झक्क. तिसरा, काळोख. भूत पळालं.

आता इथे मी जी चूक केली ती सांगायला लाज वाटते. बंद आहे तो प्लग म्हणजे बिघाड तिथेच, असं धरून तिसरा उघडला, आत गंज होता थोडा, म्हणून यारी रोडवरून नवीन सॉकेट आणून बसवलं, ते पण बंद. मग चौथा उघडला. मग पाचवा. प्रत्येकाचे स्क्रू मिठाने जाम, दोनाची तर डोकीच गेली. दुपारचे अडीच, जेवण नाही, आणि घरून बायकोचे तीन मिसकॉल.

वडापाव खाताना डोक्यात प्रकाश पडला. लूप केलेल्या लाइनीत बिघाड असतो तो शेवटच्या चालू आणि पहिल्या बंद प्लगच्या मधे. म्हणजे दुसऱ्या प्लगच्या पाठीमागे पण असू शकतो, जो चालू आहे म्हणून मी त्याला हातही लावला नव्हता. इन्व्हर्टर बंद केला, बॅटरीची निगेटिव्ह काढली (पाना फिरवायच्या आधी हातातलं कडं काढा, बॅटरीच्या दोन पोलांवर कडं पडलं तर मनगटाची भाजी होते), दुसरा बोर्ड उघडला. आत येणारी काळी वायर ठीक, आणि पुढे जाणारी काळी वायर हातात आली. नुसती ओढली आणि आली. टोकाला तांबं नव्हतंच, हिरवी भुकटी होती. कुणीतरी कधीतरी वायर पिळून स्क्रूखाली कोंबलेली, वर चिकटपट्टी, आणि चिकटपट्टीच्या आत खारट ओल अडकून राहते ती राहतेच. त्यात इंजिनची थरथर. घरात वीस वर्षं चालणारा जोड समुद्रात दोन-तीन मोसमांत संपतो.

वायर मागे मागे कापत गेलो, जवळजवळ वीतभर आतपर्यंत तांबं काळं पडलेलं. चकचकीत लागेपर्यंत कापलं, नवीन तुकडा जोडला, कथिलाचा मुलामा असलेल्या तांब्याची वायर मिळाली तर तीच घ्या, खाऱ्या हवेत जास्त टिकते. लग, म्हणजे वायरीच्या टोकाला बसणारे धातूचे कान, दाबून बसवले, वरून गरम करून आवळायची नळी, टेप अजिबात नाही. तिसरा चालू, चौथा चालू.

आणि मग काकांनी आनंदाने मिक्सर लावला आणि इन्व्हर्टर पिंपिं करून बंद.

हा वेगळा बिघाड. पाचशे वॅटचा मिक्सर चोवीस व्होल्टवर साधारण पंचवीस अँपिअर ओढतो. मिक्सर चालू करून बॅटरीच्या पोलांवर मोजलं तर २४.१, इन्व्हर्टरच्या टोकाशी २१.८. सव्वादोन व्होल्ट वाटेत कुठे गेले? एक प्रोब बॅटरीच्या पोलावर आणि दुसरा त्यावरच बसलेल्या केबलच्या लगवर ठेवला, तिथेच १.९. शून्याजवळ यायला हवं होतं. लगला हात लावला तर चटका. पंचवीस अँपिअर गुणिले जवळजवळ दोन व्होल्ट म्हणजे पन्नास वॅटच्या आसपास उष्णता एका गंजलेल्या जोडावर, बॅटरीच्या शेजारी, लाकडी बोटीत. हे सापडलं नसतं तर काय झालं असतं त्याचा विचार मी काकांसमोर मोठ्याने केला नाही. लग काढून पॉलिश पेपरने घासला, पोल घासला, घट्ट केला, वर ग्रीस. मिक्सर फिरला.

एक सांगायचं राहिलं, बोट किनाऱ्यावर असताना काही जण घरातून एक्स्टेंशन ओढून ग्राइंडर चालवतात, ओल्या रेतीत उघड्या पायांनी. तीस मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट बाहेर गळला की लाइन तोडणारा स्विच, तरी लावा. साध्या एमसीबीला, म्हणजे फार करंट गेला तरच पडणाऱ्या स्विचला, माणूस चिकटलेला कळत नाही.

पाचवा प्लग मात्र शेवटपर्यंत चालू झाला नाही. तासभर वायर शोधली, मग एक म्हातारा खलाशी तंबाखू मळत म्हणाला, तो तर मीच तोडला, शॉक मारायचा, चार वर्षं झाली. मी सकाळपासून तिथेच होतो आणि तो पण. त्यावर कोरी प्लेट ठोकली आणि घरी आलो.