तीन एकर आणि एक पायवाट
पाटण तालुक्यात, मोरणा खोऱ्याच्या वरच्या अंगाला एक डोंगरउताराची जमीन विकाऊ असल्याचे कळले, तेव्हा घर बांधण्याची हौस माझी होती आणि शिकारीची माझ्या मेहुण्यांची. त्यांच्या आजोबांकडे ठासणीची बंदूक होती, आणि स्वतःच्या रानात आलेले डुक्कर मारायला कोणाची हरकत असणार, असा त्यांचा समज होता. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जमीन कोणाची आहे याला महत्त्व नाही. उभ्या पिकाची नासाडी होत असली तरी वनखात्याच्या लेखी परवानगीशिवाय बार काढता येत नाही, वाघर म्हणजे जाळे किंवा फासेही लावता येत नाहीत. शिवाय कोयना आणि चांदोली मिळून झालेला सह्याद्री व्याघ्र प्रकल्प तेथून दूर नाही. शिकारीचा विषय तेथेच संपला.

भागीदारीचाही संपला. मेहुण्यांच्या नावावर कोठेच शेती नाही, आणि कूळ कायद्याच्या कलम 63 प्रमाणे बिगरशेतकऱ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. माझ्या नावावर त्यांचे पैसे घालणे मला पटले नाही.

सातबारा हातात आला तेव्हा क्षेत्र 1 हेक्टर 20 आर, म्हणजे जवळजवळ तीन एकर दिसले. पण त्यातले 74 आर पोटखराब, म्हणजे लागवडीला अयोग्य होते, आणि लागवडीचे सव्वा एकरही उरत नव्हते. कब्जेदारांच्या रकान्यात नऊ नावे होती, त्यांतल्या तीन बहिणी मुंबईला. त्यांची संमती मिळेल, असे मालक छातीठोकपणे सांगत होते. माझ्या मते बहिणींच्या सह्या झाल्याखेरीज विसार, म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम देणे हा वेडेपणा असतो. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीच्या कर्जाचा जुना बोजा होता, तो फेडलेला असूनही नोंदीतून कमी करून घेतलेला नव्हता.

जमीन मात्र सुरेख होती. वरच्या बांधाला जांभळाखाली एक झरा होता, आणि मे महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यातही त्यात ओंजळ बुडेल इतके पाणी होते. डिसेंबरात हिरवळ पाहून भुलण्यापेक्षा मे महिन्यात पाणी पाहावे आणि जुलैत जायचा रस्ता, हे मी सातारच्या एका निवृत्त तलाठ्यांकडून शिकलो.

जुलैत गेलो. डांबरी रस्ता संपल्यावर पुढची पायवाट दुसऱ्याच्या भाताच्या खाचरांच्या बांधावरून जात होती, आणि गटाच्या नकाशात तिचा मागमूस नव्हता. बांधावरून वाट मागण्याचा अर्ज महसूल संहितेच्या कलम 143 खाली तहसीलदारांकडे करता येतो, हे मला ठाऊक होते; पण घर बांधायच्या आधीच शेजाऱ्याविरुद्ध अर्ज करून गावात राहायला जाणे कठीण. म्हणून खाचरात चिखलणी करणाऱ्या आबांनाच विचारले की, वाटेचा करार नोंदवून द्याल का, त्याचा योग्य मोबदला मी देईन.

"जावा की, कोण अडवतंय?" आबा म्हणाले. "माझ्या बापानंबी कुणाला अडवलं न्हाई. पर लिहून न्हाई द्यायचं."

मी विसार दिला नाही.