न काढलेली दाढ

"आज ही दाढ काढायचीच आहे," मुलीने केबिनमध्ये पाऊल टाकताच सांगून टाकलं. दाढ तिची नव्हती, आईची होती. आई मागे उभ्या होत्या. साठीच्या आसपास वय, उजव्या गालावरून स्कार्फ सैलसर घेतलेला. "या काकू, बसा," म्हटलं तर उत्तर न देता त्यांनी एसीकडे बोट दाखवलं. झोत थेट खुर्चीवर येत होता. तो बंद केला तेव्हाच त्या बसल्या.

दात दुखणारा माणूस बहुधा गाल धरून येतो. दाबलं की जरा बरं वाटतं, म्हणून तळहात गालावर घट्ट असतो. काकूंचा हातही गालाशी होता, पण दोन बोटं लांब. कोणाचा चुकूनसुद्धा धक्का लागू नये म्हणून धरलेला. माझं लक्ष आधी तिथंच गेलं.

बाकीची हकीकत मुलीने सांगितली. उजवीकडची खालची एक दाढ आधीच दुसऱ्या दवाखान्यात काढून झाली होती. तिच्या मागच्या दाढेचं रूट कॅनलही झालं होतं. दाढ काढल्यावर काही आठवडे अगदी छान गेले, घरातल्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला, आणि एका सकाळी तोंड धुताना पुन्हा तीच कळ. आता संशय त्याच बाजूच्या वरच्या दाढेवर होता. दुखण्यावरच्या सगळ्या गोळ्या खाऊन झाल्या होत्या. पोटातल्या जळजळीपलीकडे त्यांनी काही दिलं नव्हतं.

मी काकूंना म्हटलं, "तुम्ही बोलू नका. मी विचारते, तुम्ही फक्त मान हलवा."

रात्री दुखण्याने झोपमोड होते? नाही. गरम काही प्यायल्यावर बराच वेळ ठणकत राहतं? नाही. दोन कळांच्या मधे काही दुखतं का? अजिबात नाही. एक कळ किती वेळ टिकते? त्यांनी चुटकी वाजवली, मग बोटं पुन्हा पुन्हा उघडमिट करून दाखवली. म्हणजे क्षणभराची, पण एकामागून एक. कशाने येते? हात दात घासल्यासारखा हलला, मग ओठांकडे गेला, मग बंद केलेल्या एसीकडे.

कुठल्या दिवशी सुरू झालं, हे विचारल्यावर मात्र त्यांना राहवलं नाही. ओठ जेमतेम हलवत त्या म्हणाल्या, "तोंड पुसत होते. वीज पडली." सुरुवातीचा क्षण इतका नेमका आठवणं हेही दातदुखीत सहसा होत नाही. दाढ हळूहळू कुरकुर करत दुखायला लागते, तारीख कोणाच्या लक्षात राहत नाही.

तोंडाच्या आत पाहिलं तर मधोमध रेघ मारल्यासारखे दोन भाग. डावीकडचे दात स्वच्छ, हिरड्या गुलाबी. उजवीकडे दातांच्या मुळाशी पिवळ्या-तपकिरी कीटणाचा जाड थर, हिरड्या सुजलेल्या. ही बाई निष्काळजी नव्हती, हे डावी बाजू सांगत होती. उजवीकडे ब्रश गेलाच नव्हता, घासही तिकडे चावला जात नव्हता.

ज्या दाढेसाठी त्या आल्या होत्या तिच्यावर आरशाच्या दांड्याने हलकेच ठोकून पाहिलं. काही नाही. थंड बोळा लावला. गार लागलं, बोळा काढताच गारवा गेला, म्हणजे आतली नस ठणठणीत. एक्स-रेमध्ये कीड नाही, मुळाशी पू नाही. दाढेला तडा असेल तर चावून सोडताना नेमकी अशी चमक येते, म्हणून एकेक टोक चावायला लावून तेही तपासलं. तडा नव्हता. रूट कॅनल झालेली दाढही शांत होती.

मग तोंडातला कापसाचा बोळा काढताना तो खालच्या ओठाच्या कडेला निसटता लागला, आणि काकू गेल्या. दुसरा शब्द सुचत नाही. उजवा डोळा मिटला, गाल आक्रसला, दोन्ही हातांनी खुर्चीचे दांडे आवळले. आवाज नाही, कारण आवाज काढायलाही जबडा हलवावा लागतो. अर्ध्या मिनिटाच्या आत सगळं ओसरलं आणि त्या माझ्याकडे पाहायला लागल्या, जणू काही झालंच नाही. मुलगी रडत होती.

एका झटक्यानंतर बऱ्याचदा थोडी उसंत मिळते, तेवढ्या वेळात स्पर्श केला तरी कळ येत नाही. त्या उसंतीत मी बाकीची तपासणी उरकून घेतली. कापसाच्या धाग्याने कपाळ, गाल, हनुवटी दोन्हीकडे सारखी जाणवते का? सारखी. दोन्ही कानांनी नीट ऐकू येतं? येतं. चावताना जबडा भरून येतो, कानशील दुखतं, नजर अंधुक होते? नाही. त्या बाजूच्या डोळ्याला पाणी, लाली? नाही. चेहऱ्यावर पूर्वी नागीण उठली होती? नाही. यातल्या एखाद्याही प्रश्नाला वेगळं उत्तर आलं असतं तर शोधाची दिशा बदलली असती. कानशिलाची रक्तवाहिनी सुजली असेल तर उपचाराला उशीर झाल्याने दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे पन्नाशीपुढच्या माणसाला तो प्रश्न मी कधीच गाळत नाही.

"काकू, ही दाढ मी काढणार नाही," मी म्हटलं.

मुलगी भडकली. तिचा मुद्दा बिनतोड होता. "आधीच्या डॉक्टरांनी सुन्न करायचं इंजेक्शन दिलं तेव्हा कळ लगेच थांबली होती. मग दाढच ना ती?"

इथंच भलेभले फसतात. हे दुखणं दाढेचं नाही, नसेचं: ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. चेहऱ्याची संवेदना मेंदूकडे नेणारी ट्रायजेमिनल नस तीन फांद्यांची आहे: एक कपाळ-डोळ्याकडे, एक गाल आणि वरच्या जबड्याकडे, एक खालच्या जबड्याकडे. दातांच्या नसा या शेवटच्या दोघींच्याच उपफांद्या. इंजेक्शनने ओठ, हिरडी, दात सगळंच बधिर होतं. कळ सुरू करून देणारा स्पर्शच नसेपर्यंत पोहोचत नाही, म्हणून ती थांबते. बिघाड मात्र असतो फार आत, ही नस मेंदूच्या बुंध्यात शिरते तिथं. बहुतेकांमध्ये तिथली एखादी रक्तवाहिनी नसेला टेकून तिच्यावर ठोके देत राहते आणि नसेचं आवरण झिजतं. वायरीचं प्लास्टिक खरवडलं गेल्यावर एकीतला करंट दुसरीत जावा, तसा साधा स्पर्श वेदनेच्या तंतूंत उडी मारतो. दाढ काढल्यावर मिळालेले ते बरे आठवडेही फसवे होते. हा आजार मधेच काही आठवडे, कधी काही महिने आपणहून गप्प बसतो.

आधीच्या डॉक्टरांना मुलगी बोल लावत होती, त्यात मी सूर मिळवला नाही. रुग्ण एका दाढेवर बोट ठेवून हात जोडतोय, इंजेक्शनने कळ थांबतेय, अशा वेळी पक्कड हातात घेणं फार सोपं असतं. आमच्या कामात दात काढण्यापेक्षा न काढण्याला जास्त वेळ लागतो, आणि त्याची फी कोणी देत नाही.

मी ओळखीच्या न्यूरोलॉजिस्टना फोन लावला. नेहमीची वेदनाशामकं इथं निरुपयोगी असतात, उपयोगी पडतं ते फिट्सवरचं औषध, कार्बामाझेपिन. ब्लोम या डॉक्टरांनी १९६२ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात याच दुखण्यावर त्याचा उपयोग मांडला, आणि आजही पहिला मान त्याचाच आहे. चिठ्ठी मी स्वतः लिहिली नाही, त्याला कारण होतं. या औषधाने रक्तातलं सोडियम उतरू शकतं, रक्तपेशी आणि यकृतावर नजर ठेवावी लागते. शिवाय आशियाई वंशाच्या काही लोकांत एचएलए-बी १५०२ हा जनुकप्रकार असतो, त्यांना या औषधाने कातडी सोलवटून निघण्याइतकी भयंकर रिअॅक्शन येऊ शकते. ती चाचणी आधी झालेली बरी. न्यूरोलॉजिस्टनी चाचण्या करून दिवसाला १०० मिलिग्रॅम दोनदा असं सुरू केलं आणि डोस सावकाश वाढवत नेला.

काही दिवसांनी दवाखान्यात फोन आला. ओळख पटेना. "अहो, मी दाढवाली," पलीकडून आवाज आला. काकू सलग बोलत होत्या, धबधब्यासारख्या. चेहरा साबणाने धुतल्याचंही सांगितलं, आणि ते सांगताना हसल्या. औषधाला इतका चटकन मिळालेला प्रतिसाद निदानाची बाजू भक्कम करतो. तक्रारही होतीच: दिवसभर झोप येते, चालताना तोल जातो. ते मी न्यूरोलॉजिस्टना कळवायला सांगितलं. औषध मनाने बंद करायचं नाही, एवढं दोनदा बजावलं.

एमआरआय नंतर झाला. पातळ काप घेणारा खास प्रकार, आणि सोबत गाठ किंवा मल्टिपल स्क्लेरोसिस (मेंदूतल्या तंतूंचं आवरण खराब करणारा आजार) नाही ना, याचीही खातरजमा. तरुण वयात किंवा दोन्ही बाजूंना असं दुखलं तर तिकडे जास्तच काटेकोर पाहावं लागतं. काकूंच्या बाबतीत सापडलं ते नेहमीचंच: लहान मेंदूला रक्त पुरवणारी वरची धमनी वळण घेऊन नसेला टेकलेली. न्यूरोलॉजिस्टनी रिपोर्ट मला दाखवला तेव्हा, खरं सांगते, बरं वाटलं. तरी हे निदान मुळात रुग्णाच्या सांगण्यावरूनच होतं. काही जणांत रक्तवाहिनी टेकलेली दिसत नाही, तरी आजार असतो. आणि टेकलेली असूनही कधी दुखलं नाही, असेही लोक असतात.

पुढचा पर्याय शस्त्रक्रियेचा आहे. कानामागून शिरून ती धमनी बाजूला सारायची आणि मधे टेफ्लॉनची उशी ठेवायची. मेंदूचे शल्यविशारद वॉल्टर डँडी यांनी १९३० च्या दशकातच नसेला टेकलेल्या रक्तवाहिन्या पाहून ठेवल्या होत्या; सूक्ष्मदर्शकाखाली त्या सोडवण्याची पद्धत पीटर जॅनेटा यांनी १९६० च्या दशकात रूढ केली. मोठ्या पाहणीत दहा वर्षांनंतरही सुमारे ७० टक्के रुग्ण औषधाशिवाय वेदनामुक्त राहिलेले आढळले. पण ही कवटी उघडायची शस्त्रक्रिया आहे, त्या कानाचं ऐकणं कमी होण्याचा थोडा धोकाही आहे. ज्यांना भूल झेपणार नाही त्यांच्यासाठी गालातून सुई घालून नस अंशतः जाळणं किंवा गॅमा नाइफ या यंत्राने नसेवर नेमके सोडलेले किरण आहेत. त्यांत चेहरा थोडा बधिर राहू शकतो आणि दुखणं परतण्याची शक्यता जास्त. काकूंनी सध्या गोळ्यांवरच राहायचं ठरवलंय. सोडियम घसरायला लागलं किंवा डोस पुरेनासा झाला तर शस्त्रक्रियेचा विचार करू म्हणतात.

मधल्या काळात मी त्यांची उजवी बाजू साफ करून दिली. गोळी घेतल्यानंतरची वेळ धरून, थोडं थोडं, बाजू आधी सुन्न करून. तेव्हा मुलीने विचारलं, काढलेल्या दाढेच्या जागी इम्प्लांट बसवता येईल का. येईल, पण इतक्यात नाही, मी सांगितलं. खालच्या जबड्यात ड्रिल चालतं ते याच नसेच्या फांदीच्या वरून, आणि नंतर पुन्हा कळ आली तर ती जुनी की नवी हे ओळखणं मलाही जड जाईल. आधी हे दुखणं नीट काबूत येऊ दे. काकूंनी मुलीकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "मला काही घाई नाही. डावीकडे आहेत की दाढा."