टिप्परचं लोकेशन मागितलं तर कागद मागा

ठाण्यातून फोन येतो, "तुमच्या टिप्परचं कालचं लोकेशन पाठवा जरा." मालक घाबरतो. त्यात समोरचे जमादार ओळखीचे. मग तो गाडीच्या जीपीएस ॲपचं लॉगिन आणि पासवर्डच व्हॉट्सॲपवर टाकून मोकळा होतो. रेतीघाटाच्या गावांत हे सर्रास चालतं. काम कालच्या दोन तासांचं असतं, पण पासवर्ड पुढचे कित्येक महिने त्या मोबाईलमध्ये राहतो. गाडी कोणी, कधी, कशासाठी पाहिली याची वेगळी नोंद कुठेच उरत नाही, कारण सर्व्हरच्या लेखी पाहणारा मालकच असतो.

पोलिसांनी जीपीएस वापरूच नये असं मी म्हणत नाही. चोरीला गेलेला ट्रॅक्टर मध्य प्रदेशच्या किंवा तेलंगणाच्या हद्दीत शिरायच्या आत सापडतो तो गाडीत बसवलेल्या याच जीपीएसच्या डबीमुळे. माझं म्हणणं एवढंच की पाहणाऱ्याचीही नोंद राहिली पाहिजे.

आधी डबीबद्दल. प्रवासी वाहनांना ती केंद्रीय मोटार वाहन नियमांतल्या १२५-एच मुळे लागते, रेती-मुरुमासारख्या गौण खनिजाच्या गाड्यांना राज्य सरकारच्या महाखनिज या ऑनलाईन प्रणालीमुळे. प्रवासी गाड्यांसाठीच्या डबीचं मानक एआयएस-१४०. आत पक्कं बसवलेलं सिम, किमान ४ तास टिकणारी स्वतःची बॅटरी आणि नेटवर्क नसताना ४०,००० नोंदी साठवायची सोय. गाडी चालू असताना दर ५ सेकंदांनी नोंद पाठवण्याची तिची क्षमता असते.

नकाशावरचा ठिपका म्हणजे पुरावा असं समजू नका. तो चुकतो आणि त्याच्या चुका ठरलेल्या आहेत.

सगळ्यात महागात पडते ती वेळेची चूक. उपग्रहाकडून येणारी वेळ भारतीय नसते, ती साडेपाच तास मागे असते. सर्व्हरने वेळ बदलून दिली नाही आणि कच्चा लॉग तसाच छापला, तर रात्री ११:४० ला घाटावर उभी असलेली गाडी कागदावर संध्याकाळी ६:१० ला उभी दिसते. रात्रीच्या रेतीउपशाच्या प्रकरणात या एका रकान्यावर माणूस अडकतो किंवा सुटतो. म्हणून प्रिंट हातात आली की वेळेच्या रकान्यावर नेमकं काय लिहिलंय ते पाहा. ती डबीची वेळ आहे की सर्व्हरवर नोंद पोचल्याची, हेही विचारून घ्या.

दुसरी चूक नेटवर्कची. भामरागड, एटापल्लीकडे किंवा मेळघाटात धारणीच्या आत गाडी गेली की डबी नोंदी पोटात ठेवते आणि रेंज आल्यावर एकदम सोडते. एआयएस-१४० च्या प्रत्येक नोंदीत 'एल' किंवा 'एच' असं अक्षर असतं. एल म्हणजे त्याच क्षणी पाठवलेली, एच म्हणजे साठवून नंतर पाठवलेली. मधल्या काळात स्क्रीनवर गाडी शेवटच्या ठिपक्यावर थिजलेली दिसते. ती तिथे उभी होती असा अर्थ काढला की घोळ झालाच. शिवाय दोन ठिपक्यांमध्ये ॲप सरळ रेघ ओढतं. पांदणीने वळसा घालून गेलेली गाडी नकाशावर कोणाच्या वावरातून किंवा थेट नदीच्या पात्रातून गेलेली दिसते.

तिसरी चूक बसवणाऱ्याची. इग्निशनची वायर चावीच्या लाईनला जोडायची असते. घाईत ती बॅटरीच्या थेट प्लसला जोडली की गाडी रात्रभर 'चालू' दिसते. आणि डबी टिनाच्या पत्र्याखाली, आकाश न दिसणाऱ्या जागी बसवली, तर उभ्या गाडीचा ठिपकाही भटकतो, कधी ताशी ३-४ किलोमीटर वेगसुद्धा दाखवतो. तपासणं सोपं आहे: चावी काढा, दहा मिनिटं थांबा, ॲपमध्ये इग्निशन बंद दिसतं का पाहा. दिसत नसेल तर ज्याने बसवली त्याच्याकडून दुरुस्त करून घ्या आणि तारखेसह पावती ठेवा.

आता कागदाचं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली ठाणेदार दस्तऐवज किंवा डिजिटल पुरावा मागू शकतात, पण लेखी आदेशाने. तो आदेश इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही चालतो. त्यामुळे "साहेब, ई-मेलवर पत्र टाका, लगेच देतो" असं म्हणणं म्हणजे अडवणूक नाही. पत्रात गुन्हा क्रमांक, अधिकाऱ्याचं नाव व हुद्दा, गाडी नंबर आणि कोणत्या तारखेच्या किती वाजेपासून किती वाजेपर्यंतच्या नोंदी हव्यात हे असावं. तेवढ्याच वेळेच्या नोंदी द्या. फाईल ॲपमधून काढा, तिची हॅश (फाईल नंतर बदलली का ते ओळखायचा अंक-अक्षरांचा ठसा) काढून ठेवा, प्रत आपल्याजवळ राहू द्या आणि पोच घ्या. कोर्टात ती फाईल उभी राहायला भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग 'अ' यंत्रणा सांभाळणाऱ्याने भरायचा, भाग 'ब' तज्ज्ञाने. नुसता स्क्रीनशॉट दिला तर तो पुढे पोलिसांच्याही कामाचा राहत नाही. मालक स्वतःच आरोपी असेल तर आधी वकील गाठा. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतल्या अशाच कलमाबद्दल सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये श्यामलाल चोक्सी प्रकरणात सांगितलं होतं की असा आदेश आरोपीला लागू होत नाही.

चोरीच्या तपासात प्रत्यक्ष मागोवा घ्यायचाच असेल तर पासवर्ड देऊ नका. बऱ्याच ॲपमध्ये ठरावीक तासांची लिंक निघते, ती द्या. पासवर्ड आधीच दिला असेल तर आजच बदला.

पोलिसांनी लोकेशन थेट कंपनीकडून घेतलं तर मालकाला कळवलंच पाहिजे असं बंधन कलम ९४ मध्ये नाही. खरी पोकळी इथे आहे. फोन टॅप करायचा तर गृहसचिवांचा आदेश लागतो, तो ६० दिवसांचा असतो, सगळं धरून १८० दिवसांच्या पुढे जात नाही आणि पुनरावलोकन समिती तो तपासते. गाडीमागे महिनाभर ठिपका लावायला मात्र असं खास कलम नाही. अमेरिकेत जोन्स खटल्यात पोलिसांनी जीपला डबी चिकटवून २८ दिवस पाळत ठेवली होती. २०१२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तशी डबी लावणं म्हणजेच झडती घेणं असं ठरवलं. आपल्याकडे खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवणारा सर्वोच्च न्यायालयाचा २४ ऑगस्ट २०१७ चा पुट्टस्वामी निकाल आहे: खासगीपणात शिरायचं तर कायदा हवा, गरज हवी आणि गरजेपुरतंच शिरायचं. ८ जुलै २०२४ ला फ्रँक व्हायटस या अमली पदार्थांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाच्या न्या. अभय ओक आणि न्या. उज्जल भुयां यांनी जामिनावरच्या आरोपीने गुगल मॅपची पिन टाकून ठेवावी ही अट रद्द केली. अमली पदार्थांच्या गुन्ह्यातल्या आरोपीलाही हे संरक्षण आहे, मग रोजीवर टिप्पर हाकणाऱ्या ड्रायव्हरला का नसावं?

कारण ठिपका मालकाचा नसतो, ड्रायव्हरचा असतो. दोनशे घरांच्या गावात नकाशावर नाव लिहायची गरज पडत नाही. टिप्पर दुपारी कोणाच्या दारात थांबला, आठवड्यातून दोनदा कोणत्या दवाखान्यासमोर उभा होता, मोर्च्याच्या दिवशी तहसीलजवळ होता का, हे पाहणाऱ्याला बरोबर कळतं. मालकाने होकार देताना ड्रायव्हरला निदान सांगावं तरी.

२०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यावर फार भिस्त ठेवू नका. गुन्ह्याच्या तपासासाठी त्याच्या कलम १७ मध्ये मोठी सूट आहे. तरी माहिती अधिकाराचा एक अर्ज प्रत्येक जिल्ह्यातून जावा असं मला वाटतं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून पोलीस अधीक्षक कार्यालयाच्या जन माहिती अधिकाऱ्याला विचारा: मागच्या आर्थिक वर्षात वाहनांच्या जीपीएस नोंदी मागणारी किती पत्रं जिल्ह्यातून गेली, ठाणेनिहाय आकडा द्या आणि या नोंदी किती दिवस ठेवून नष्ट करायच्या याचा लेखी आदेश असेल तर त्याची प्रत द्या. गाडी नंबर, नाव, गुन्हा क्रमांक यातलं काहीच मागू नका. "तपास सुरू आहे" म्हणून कलम ८(१)(ज) दाखवून अर्ज फेटाळला, तर ३० दिवसांत प्रथम अपील करा आणि त्यात लिहा की फक्त संख्या मागितली आहे, संख्येने कोणत्याही तपासात अडथळा येत नाही.