हौदासमोर

शनिवार, रात्री

पोटऱ्या भरून आल्यात, तरी लिहायला बसले. उद्यापर्यंत थांबले तर आजचं आणि उद्याचं एकमेकांत मिसळून जाईल.

आत्या गुरुवारी इंदूरहून आली. वय अठ्ठ्याहत्तर, गुडघ्याला पट्टा, पिशवीत दोन किलो शेव. मी यादी करून ठेवली होती. शनिवारवाडा, केळकर संग्रहालय, आगाखान पॅलेस आणि जमलंच तर रविवारी गाडी करून सिंहगड, वर पिठलं-भाकरी आणि मडक्यातलं दही. तिनं यादी वाचली, चष्मा काढून पुसला आणि म्हणाली, "हे माझ्या नातवाला दाखव. मला आमचा हौद दाखव."

हौद म्हणजे शुक्रवार पेठेतला, तिच्या लहानपणच्या वाड्याजवळचा. पाच मिनिटांचं काम, असं मला वाटलं. पण हौद बघायचा तर त्यात पाणी कुठून यायचं तेही बघू, असं मीच बोलून गेले. मग काय, सकाळी साडेसहाला आम्ही दोघी पर्वतीच्या पायथ्याशी.

पर्वतीला पायऱ्या १०३. शाळेपासून ऐकत आलेय, मोजल्या कधीच नाहीत. आत्यानं मोजल्या. दर पंधरा-वीस पायऱ्यांना टेकायची, पण आकडा सोडायची नाही. वर पोचलो तर तिचे भरले नव्व्याण्णव. "चार कुणी नेल्या गं?" कठड्यावर हात-पाय झटकत उभे असलेले एक रोजचे काका वळूनही न बघता म्हणाले, "उतरताना मोजा, तेव्हा बरोबर येतात." (उतरताना एकशे सहा आल्या. काका तोवर गेले होते, नाहीतर आत्यानं हिशेब मागितला असता.)

वर देवदेवेश्वराला हात जोडले. १७४९ साली नानासाहेब पेशव्यांनी हे देऊळ बांधलं. देवळाइतकाच वेळ आत्या त्यांच्या समाधीपाशी उभी होती. पानिपत १४ जानेवारी १७६१ चं, आणि नानासाहेब इथेच पर्वतीवर २३ जूनला गेले. सहा महिनेसुद्धा पुरे नाही काढले माणसानं. पुण्यात पेशवे म्हटलं की सगळे थोरल्या बाजीरावांविषयी बोलतात, कारण लढाया आहेत, मस्तानी आहे, सिनेमाला लागतं ते सगळं आहे. नानासाहेबांच्या वाट्याला पानिपतचा ठपका. आत्या मात्र म्हणाली, "पाणी यांनी पाजलं आपल्याला," आणि पदर नीट करून पुन्हा एकदा नमस्कार केला. घरातल्या वडीलधाऱ्या माणसाला करावा तसा.

खरंच आहे ते. दक्षिणेकडच्या कठड्यावरून कात्रजचे डोंगर दिसतात. त्यांच्या पायथ्याशी नानासाहेबांनी आंबील ओढा अडवून तळी बांधली आणि तिथून जमिनीखालून दगडी नळ काढून पाणी पार शनिवारवाड्यापर्यंत आणलं. नळ म्हणजे पाइप नव्हे, आत माणूस चालू शकेल एवढं बांधीव भुयार. पंप नाही, मोट नाही, नुसता उतार. कात्रज उंचावर, शहर खाली, तेवढ्या भांडवलावर पेठापेठांतले हौद भरायचे. नळावर मधे मधे विटादगडांचे मनोरे उभारलेले, आतली कोंडलेली हवा बाहेर पडावी म्हणून. त्यांचं पुस्तकी नाव उच्छ्वास. आत्या म्हणाली, "आम्ही उसासे म्हणायचो." मला हा शब्द इतका आवडला की तिथेच कठड्यावर बसून फोनमध्ये लिहून ठेवला.

त्याच कठड्यांवरून दुसऱ्या बाजीरावानं खडकीची लढाई बघितली म्हणतात, ५ नोव्हेंबर १८१७. चुलते इथून पाणी कुठून येईल ते बघत असतील, पुतण्या राज्य कुठून जातंय ते. आत्याला हे ऐकवलं. ती म्हणाली, "शेव खा."

खाली उतरल्यावर सारसबाग. हेसुद्धा मुळात नानासाहेबांचंच तळं, आंबील ओढ्याच्याच पाण्यावरचं. मधल्या बेटावरचा गणपती म्हणून तळ्यातला गणपती. तळं गेलं, बाग आली, नाव राहिलं. थंडी असल्यामुळे गणपतीला लोकरीचा स्वेटर आणि कानटोपी. आत्यानं आधी देवाकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी बिनबाह्यांच्या कुर्त्यात कुडकुडत होते. काही बोलली नाही, पण बोलल्यासारखंच झालं.

परतताना मी हट्टानं सातारा रस्त्याच्या बाजूला रिक्षा वळवायला लावली. एका सोसायटीच्या भिंतीला चिकटून एक उसासा उभा आहे हे मला माहीत होतं. माहीत म्हणजे, आठ वर्षं तिथून जातेय आणि तो जुन्या भट्टीचा धुराडा आहे असं समजतेय. कुणी त्याला वाळत घालायची दोरी बांधलीये. रिक्षावाल्यानं विचारलं, काय आहे ते? आत्यानं त्याला सगळं समजावलं, कात्रजपासून शनिवारवाड्यापर्यंत. मीटर चालूच होतं.

रविवार, रात्री

आज आधी सोमवार पेठ, त्रिशुंड गणपती. हौदाच्या वाटेवर नाही, पण आत्याला बघायचा होता आणि मला सांगायला लाज वाटली की मी पंचवीस वर्षांत एकदाही आत गेलेले नाही. माझी पहिली नोकरी इथून चालत दहा मिनिटांवर होती.

बाहेरून कळतच नाही. गल्ली, दुचाक्या, दवाखान्याची पाटी आणि मधेच हा काळ्या दगडाचा दर्शनी भाग. १७५४ ला काम सुरू झालं, १७७० ला पुरं. गोसाव्यांचं देऊळ हे, एकेकाळी नागझरी ओढ्याच्या काठावरचं. पेशव्यांच्या पुण्यातली देवळं बहुतेक साधी, लाकडी मंडप, विटांचं शिखर. हे त्यातलं नव्हेच. द्वारपाल, झुंजणारे हत्ती, आणि एका पट्टीवर चक्क गेंडा. गेंड्याला साखळीनं बांधतायत आणि बांधणारे शिपाई बंदूकवाले, पोशाखावरून इंग्रज. गेंडा म्हणजे बंगाल-आसाम, इंग्रजांनी प्लासीनंतर जे गिळलं ते, असा अर्थ काही अभ्यासक लावतात. तसं असेल तर १७७० च्या आत पुण्यातल्या कुणा पाथरवटाला किंवा त्याच्या मालकाला पुढचं दिसत होतं. मी त्या गेंड्याचे सात फोटो काढले. सगळ्यांत माझ्या बोटाची सावली.

आत मूर्ती मोरावर बसलेली. तीन सोंडा, सहा हात. शेंदरामुळे पहिल्यांदा नीट उमगत नाही, डोळे सरावले की एकेक सोंड सुटी होते. गाभाऱ्याच्या दारावर शिलालेख, दोन संस्कृत आणि एक चक्क फारसी. आत्या बराच वेळ फारसी लेखाकडे बघत राहिली, वाचता येत असल्यासारखी. मूर्तीच्या बरोबर खाली तळघर आहे, तिथे गोसाव्यांची समाधी. तळघरात पाणी असतं. गुरुपौर्णिमेला ते उपसून समाधी दर्शनाला उघडतात. आत्यानं फरशीवर चपलेविना पाय दाबून बघितला आणि म्हणाली, "गार आहे गं. आहे खाली पाणी." डिसेंबरात सगळ्याच देवळांच्या फरश्या गार असतात, पण मी वाद घातला नाही.

शनिवारवाडा पटकन आटोपला. १७३० ला पाया, खर्च १६,११० रुपये, १८२८ च्या आगीत लाकडी मजले गेले, उरली तटबंदी आणि जोती. सगळी गर्दी दिल्ली दरवाज्याच्या खिळ्यांपुढे फोटोला उभी, आणि शेजारी एक बाबा आपल्या मुलाला "काका मला वाचवा" भीतीदायक आवाजात करून दाखवत होते. आम्ही सरळ हजारी कारंज्याकडे. सोळा पाकळ्यांचं दगडी कमळ, कोरडं. कालपासून पर्वतीवरून बोटानं दाखवत आणलेली वाट इथे येऊन थांबत होती, म्हणून मला ते कोरडं कारंजं पहिल्यांदाच बघण्यासारखं वाटलं. आधी चार-पाच वेळा पाहुण्यांना घेऊन आले होते तेव्हा त्याच्या काठावर बसून पाणी प्यायलेय, बाटलीतलं.

आणि मग शुक्रवार पेठ.

रिक्षात आत्या गप्प होती. मग तिनं पानशेतचं सांगितलं. थोडंफार आधी ऐकलेलं, पण इतकं सलग नाही. १२ जुलै १९६१. ती तेव्हा शाळकरी. धरण फुटलंय, पळा, असं ओरडत लोक वर येत होते. नदीकाठच्या पेठांत पाणी शिरलं, लकडी पूल दिसेनासा झाला. त्यांचा वाडा उंचावर होता म्हणून वाचला. नारायण पेठेतले मामा-मामी, चार मुलं आणि एक शिवणयंत्र अशी वरात संध्याकाळी येऊन दाराशी उभी राहिली. घरात सतरा माणसं झाली. आणि दुसऱ्या दिवसापासून नळाला पाणी नाही, कारण पानशेतच्या लोंढ्यात खडकवासलाही फुटलं होतं. शहर पाण्यात बुडालेलं आणि प्यायला घोटभर नाही. "नळ सोडला की नुसता सूं सूं आवाज यायचा. मग आईनं घागर हातात दिली, म्हणाली हौदावर जा." ती रांगेत पहाटे चारला उभी राहायची. पुढे दोन बायका भांडत असल्या की हिचा नंबर लवकर लागायचा. या पाण्याला घरात आधी सगळे नाक मुरडायचे, गाळ असतो, कपडे धुवायला ठीक. त्या महिन्यात त्याच पाण्याचा वरण-भात सतरा माणसांनी खाल्ला.

वाडा गेलाय हे तिला माहीत होतं. तिथे सहा मजली इमारत आहे. हौद मात्र असेल असं तिनं धरून चाललं होतं, दगडी हौद कुठे जाणार. आम्ही गल्लीतून दोनदा इकडून तिकडे गेलो. पंक्चरवाल्याला विचारलं, तो बिहारचा. किराणावाला म्हणाला, फडके हौद ना, तो तिकडे, चौकात. आत्या चिडली. "फडके हौद नव्हे, आमचा हौद!" शेवटी एक आजी गॅलरीतून म्हणाल्या, "बुजवला की तो. तुम्ही उभ्या आहात तिथेच होता." आम्ही दुचाक्यांच्या पार्किंगमध्ये उभ्या होतो.

आत्यानं खाली बघितलं, मग समोर. समोर शिंप्याचं दुकान, बंद. शटरवर रंगवलेली जुनी पाटी, ब्लाउज, परकर, फॉल-पिको, आणि खाली पत्ता: हौदासमोर, शुक्रवार पेठ.

"हे काढ," आत्या म्हणाली. मी पाटीचा फोटो काढला. "मला पण घे त्यात." घेतली. पाटी तिच्या डोक्याच्या बरोबर वर आली.

मंगळवार, सकाळी

काल रात्री तिला गाडीत बसवून दिलं. निघताना स्वयंपाकघरात जाऊन तिनं स्वतः बाटली भरली, आमच्या फिल्टरचं नको म्हणाली, सरळ नळाचं. म्हटलं, आत्या, हे खडकवासल्याचं आहे, कात्रजचं नव्हे. "माहितेय," म्हणाली, "इतकी वर्षं नर्मदेचं पितेय. प्रवासात जरा बदल." आत्ता तिचा फोन आला, पोचली. पोट ठीक आहे. शेवेचा डबा परत पाठवायला मी विसरले, ते आधी बोलली.